घरची शुश्रूषा आणि तिचा हिशेब

आजचा विषय कांहींसा अवघड आहे. अवघड अशासाठीं कीं, त्यांत दोष कोणाचा हें विचारूं गेल्यास वक्त्याला स्वतःपासूनच आरंभ करावा लागतो. ज्या घरांत आई किंवा वडील अंथरुणाला खिळलेले आहेत आणि ज्यांच्या शुश्रूषेसाठीं पगारी बाई ठेवलेली आहे, अशा घरांना उद्देशून मी बोलत आहें. शहरांत अशीं घरें आतां थोडीं नाहींत. मुलें परगांवीं किंवा परदेशीं, घरांत आहेत तीं दोघेंही नोकरीवर, आणि म्हातारपण तर लांबत चाललेलें. तेव्हां ‘ब्यूरो’ला फोन करावयाचा आणि ‘आठ ते आठ’ची बाई मागवावयाची, हा रिवाजच होऊन बसला आहे.

माझ्या आईचें मांडीचें हाड मोडलें आणि ती चौदा महिने खाटेवर होती. दिवसपाळीला एक बाई, रात्रपाळीला दुसरी. रात्रीच्या बाईंना आम्ही मावशी म्हणत असूं. त्या माझ्याहून वयानें लहान होत्या. परंतु नातें जोडलें म्हणजे पगाराची गोष्ट काढणें दोन्ही पक्षांना संकोचाचें होतें, आणि तो संकोच बहुधा मालकाच्याच पथ्यावर पडतो. मावशी मांजरीहून येत. आम्ही राहतों कोथरुडास. एक बस, मग दुसरी बस. आठाच्या पाळीसाठीं त्या सहाच्या सुमारास घर सोडीत आणि सकाळीं परत पोंचत तेव्हां दहा वाजत. बारा तासांची म्हणून जी पाळी, ती अशी सोळा तासांची होई. वरच्या चार तासांचें मोल कोणाच्याच वहींत नव्हतें.

हें दुखणें केवळ आपल्याकडचें नाहीं. इंग्लंडांत अशा बाया दिवसाकांठीं अनेक घरीं जातात. एका घराहून दुसऱ्या घरीं जाण्याचा वेळ किमान वेतनाच्या हिशेबांत धरला पाहिजे, असा तेथील कायदा आहे; तरीही कित्येक ठिकाणीं उंबरठ्याच्या आंत घालविलेल्या मिनिटांचेच पैसे मोजण्याची रीत पडली. त्यांत भेट कधीं कधीं पंधरा मिनिटांची. म्हाताऱ्या माणसाला उठवावयाचें, धुवावयाचें, कपडे चढवावयाचे आणि चहा पाजावयाचा, तोही पंधरा मिनिटांत! सामान्यतः भेट अर्ध्या तासाहून कमी नसावी, असें तेथील ‘नाइस’ या संस्थेनें २०१५ सालीं आपल्या मार्गदर्शक सूचनांत नमूद केलें.

अमेरिकेची कथा अधिक बोधप्रद आहे. कामाचे तास व किमान वेतन ठरविणारा तेथील कायदा १९३८ सालचा. त्यांत घरकाम करणाऱ्यांना मुळींच जागा नव्हती. १९७४ सालीं ती मिळाली, पण वृद्धांना व अपंगांना ‘सोबत’ करणाऱ्यांना वगळून! सोबत हा शब्द किती गोड आहे पाहा. शेजारच्या आजींपाशीं दुपारभर गप्पा मारीत बसणारी बाई डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षांत त्या शब्दाखालीं उचलणें, न्हाऊं घालणें, भांडें देणें, जखमा पुसणें, सर्व कांहीं झांकलें गेलें. आणि कंपनीनें पाठविलेल्या बायाही त्याच शब्दाखालीं आल्या. जमैकांत जन्मलेल्या एव्हलिन कोक या बाईंनीं न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर वर्षानुवर्षें हेंच काम केलें, आणि जादा तासांच्या पैशांसाठीं कंपनीवर फिर्याद केली. २००७ च्या जूनमध्यें सर्वोच्च न्यायालयानें एकमतानें निकाल दिला तो त्यांच्या विरुद्ध. सरकारी नियमच तसा आहे, मग न्यायालय काय करणार, असा त्याचा मथितार्थ. कोकबाई २००९ सालीं वारल्या. नियम बदलला तो २०१३ मध्यें, आणि कज्जेदलालींतून सुटून अमलांत आला २०१५ मध्यें. पुढें २०२५ च्या जुलैमध्यें तो पुन्हां मागें घेण्याचा प्रस्ताव तेथील श्रमखात्यानेंच मांडला.

परंतु ज्या हिशेबानें मला खरोखर अस्वस्थ केलें तो न्यूयॉर्क राज्यांतला आहे. तेथें चोवीस तासांची पाळी करणाऱ्या बाईला तेरा तासांचें वेतन द्यावें, असा दंडक श्रमखात्यानें चालविला. बाकीचे अकरा तास? आठ तास झोंपेचे आणि तीन तास जेवणाखाण्याचे. अट अशी कीं, आठांपैकीं निदान पांच तास तरी झोंप सलग मिळाली पाहिजे. न मिळाली तर चोवीसही तासांचे पैसे द्यावे लागतात. २०१९ च्या मार्चमध्यें त्या राज्याच्या वरिष्ठ न्यायालयानें हा अर्थ ग्राह्य मानला. कागदावर अट वाजवी दिसते. पण रात्रीं तीन वाजतां आपण जागें होतों, हें त्या बाईनें सिद्ध कसें करावयाचें? साक्षीदार एकच, आणि त्याला बहुधा कांहीं आठवत नसतें.

औषधांच्या वेळा टिपण्यासाठीं आम्हीं आईच्या उशाशीं एक वही ठेवली होती. मावशी सातवीपर्यंत शिकलेल्या; अक्षर मोठें आणि स्वच्छ. औषधांबरोबर आई रात्रीं केव्हां उठली, तेंही त्या लिहून ठेवीत. न्यूयॉर्कची हकीकत वाचल्यावर मीं ती वही काढली. एका पानावर असें होतें: बारा दहा, पाणी दिलें. एक चाळीस, भांडें दिलें, चादर बदलली. तीन पांच, आजी घाबरल्या, दिवा लावून बसलें. साडेचार, कूस बदलली. मीं पुढचीं कांहीं पानें उलटलीं. सलग पांच तासांची रात्र एकही सांपडली नाहीं. आणि मी पलीकडच्या खोलींत निजून सकाळीं विचारीत असें, “काय मावशी, रात्र शांत गेली ना?” त्या म्हणत, “हो दादा, शांत गेली. तेवढी उद्यां बदलीची बाई येणार का, तें विचारून ठेवा.”

बदलीची बाई! या प्रश्नाचें महत्त्व मला फार उशिरा समजलें. दिवसाची बाई न आली तर मावशींना निघतां येत नसे. ब्यूरोंतून ‘पाठवतों, पाठवतों’ असें उत्तर येई. दुपार होई, संध्याकाळ होई, आणि त्यांचीच रात्रपाळी पुन्हां सुरू होई. छत्तीस तास त्या एकदां नव्हे, कैक वेळां राहिल्या. १९८० सालीं पुण्यांतील मोलकरणींनीं आपण होऊन संप केला आणि त्यांतून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली, हें जुन्या पुणेकरांस आठवत असेल. त्या वेळीं भांडीं मोरींत पडून राहिलीं. भांडीं पडून राहूं शकतात, हेंच त्या बायांचें बळ होतें. शुश्रूषा करणारीला तें बळ नाहीं. खाटेवरचा जीव तसाच सोडून ती उठूं शकत नाहीं, आणि हें ब्यूरोलाही पक्कें ठाऊक असतें.

कायद्याविषयीं थोडें सांगतों. जिनीव्हा येथें २०११ च्या जूनमध्यें आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेनें घरकामगारांविषयींचा १८९ क्रमांकाचा करार संमत केला. आठवड्यांतून सलग चोवीस तास विश्रांति मिळावी, आणि घरच्या माणसांच्या हांकेची वाट पाहण्यांत जो वेळ जातो तोही, त्या त्या देशाचा कायदा ठरवील त्या मर्यादेपर्यंत, कामाचाच समजावा, असें त्यांत आहे. भारतानें करारास मत दिलें, त्यास मान्यता मात्र दिली नाहीं. महाराष्ट्रांत २००८ सालीं घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. त्याचा रोख नोंदणीवर आणि कल्याणाच्या योजनांवर आहे. रात्रीच्या झोंपेचा प्रश्न त्याच्या कक्षेंत येत नाहीं.

आतां दुसरी बाजूही मांडली पाहिजे. निवृत्तिवेतनावर चालणाऱ्या घरानें आठ-आठ तासांच्या तीन पाळ्या ठेवाव्या, असें म्हणणें सोपें आहे. तें पेलणारीं घरें किती? इंग्लंड-अमेरिकेंत यांतला मोठा भार सरकारी तिजोरी उचलते. आपल्याकडे तो सगळा एका कुटुंबाच्या मिळकतीवर पडतो, आणि तें कुटुंब आधींच डॉक्टर व औषधें यांनीं वांकलेलें असतें. हें मी नाकारीत नाहीं. पण मावशींच्या हातीं काय पडतें, हें विचारण्यास मला एक पैसाही लागणार नव्हता, आणि मीं तें दहा महिने विचारलें नाहीं. कळलें तें योगायोगानें. आईला आठ दिवस इस्पितळांत ठेवावें लागलें, तेव्हां ब्यूरोनें त्या आठ दिवसांचे त्यांच्यावर खाडे लावले. म्हणून त्यांनीं माझ्याकडे थोडी उचल मागितली, आणि बोलतां बोलतां रकमेचा उलगडा झाला. मी देत होतों आणि त्यांना मिळत होतें, यांतलें अंतर ऐकून मी चकित झालों. त्यांना त्याचें कांहींच वाटलें नाहीं. “सगळीकडे असंच असतं, दादा,” एवढेंच त्या म्हणाल्या. त्यानंतर इस्पितळाच्या दिवसांचे पैसे मीं परभारें दिले, आणि महिन्यांतल्या दोन रविवारीं रात्रीं स्वतः आईपाशीं निजूं लागलों. पहिल्या रविवारीं चार वेळां उठलों. सोमवारीं कचेरींत माझी बेरीज दोनदां चुकली.

आई गेली तो दिवस मंगळवार. दिवसाची बाई आली नव्हती, म्हणून मावशी आदल्या रात्रीपासून तेथेंच होत्या. दुपारीं दोनच्या सुमारास आईनें डोळे मिटले. तिला स्नान घालण्यास त्या थांबल्या, आणि चार वाजतां त्यांना दुसऱ्या घराचा पत्ता फोनवरून आला. तेथें त्याच रात्रीं आठाला हजर व्हावयाचें होतें. पुढें ब्यूरोचें बिल आलें. त्यांत मंगळवारची दिवसपाळी पूर्ण धरलेली होती. मावशींना विचारलें तेव्हां कळलें, त्यांना ती अर्धी मिळाली होती. उरलेल्या अर्ध्या पाळीचे पैसे घेऊन मी मांजरीस गेलों. स्वारगेटला बस बदलावी लागली, आणि पोंचण्यास एक तास पन्नास मिनिटें लागलीं.