नाव कुणाचं, गाणं कुणाचं?

(धाराशिव जिल्ह्यातल्या महिला मंडळांच्या कलापथकांसाठी तुळजापूरला झालेल्या शिबिरातलं भाषण)

बायकांनी मिळून गाणं आपल्या जिल्ह्याला नवं नाही. नवरात्रात आराध्यांचे मेळे बसतात, जात्यावरच्या ओव्या तर आपल्या आज्यांच्याच. आता आपण दारूबंदीवर, बालविवाहावर गाणी बांधून चौकात उभ्या राहतो. पण ढोलकीवाला, पेटीवाला बहुधा पुरुष असतो. तो रुसून गेला की पथक बसतं. मागच्या वर्षी एका पथकाचं असंच झालं. जाताना दोघं म्हणाले, "नाव आमच्यामुळं झालं. आमच्याशिवाय काय गाणार?" बायकांनी ते खरं मानलं. गाण्यांची वही फडताळात गेली.

ते खरं होतं का? दोन उदाहरणं देते. एक आपलं, एक लांबचं.

कांताबाई सातारकर तुकाराम खेडकरांच्या तमाशा फडात गाजल्या. स्त्रीभूमिका केल्या, पुरुषभूमिकाही केल्या. १९६४ साली तुकाराम खेडकर वारले आणि ज्या फडासाठी राबल्या तो फड बाईंच्या हाती राहिला नाही. पदरात मुलं. तरी १९६९ साली त्यांनी स्वतःचा फड उभा केला. पुढे मुलगा रघुवीर जोडीला आला, पण फडाच्या नावातून आईचं नाव गेलं नाही. २०२१ साली कोरोनानं त्या गेल्या, तोवर तमाशात त्यांचं नाव आदरानं घेतलं जात होतं.

दुसरं उदाहरण आपल्या वसतिगृहातल्या मुलींच्या मोबाईलवर वाजतं. अमेरिकेतला 'पॅरामोर' हा बँड, म्हणजे त्यांचा फडच म्हणा. संगीत पॉप-पंक: दणकेबाज, वेगवान गिटार आणि ड्रम, पण चाल ओठांवर बसणारी. गायिका हेली विल्यम्स. २०१० च्या डिसेंबरमध्ये गिटारवाला आणि ड्रमवाला हे दोघे भाऊ बँड सोडून गेले. बँड म्हणजे एका मुलीच्या स्वप्नामागची फरफट झाली आहे, असा त्यांचा जाहीर आरोप होता. आता हे संपले, असं पुष्कळांना वाटलं.

उरले तिघं. २०१३ साली त्यांनी नवा अल्बम काढला आणि त्याला वेगळं नाव न देता बँडचंच नाव दिलं. म्हणजे, आम्ही आहोत! जुनाच आवाज पुन्हा काढत बसले नाहीत. एका गाण्यात चर्चमधल्यासारखा समूहस्वर आणला, मधेमधे युकुलेले हे छोटं तंतुवाद्य घेतलं. हा अल्बम अमेरिकेच्या विक्रीच्या यादीत पहिला आला. आधीच्या तीनपैकी एकालाही ते जमलं नव्हतं. त्यातल्याच एका गाण्याला २०१५ साली ग्रॅमी मिळालं.

पण मैत्रिणींनो, इथं टाळ्या वाजवून थांबू नका. त्या भावांच्या रागाला एक कारण होतं. रेकॉर्ड कंपनीच्या करारावर सही एकट्या हेलीची होती. ती तेव्हा शाळकरी वयाची. कंपनीला बँड नको, एक मुलगी हवी होती. पुढे २०१५ साली आणखी एक वादक गेला आणि आपण भागीदार होतो की पगारी, यावरून प्रकरण कोर्टात गेलं. २०१७ साली तडजोड झाली. म्हणजे बाई पुढे असली की सगळं न्यायाचं होतं, असं नाही. मालकी एका हातात गेली की तो हात बांगड्यांचा असला तरी बाकीच्यांना टोचतोच.

म्हणून आपल्या पथकांनी तीन गोष्टी कराव्यात.

एक, पथकाचं नाव, गाणी आणि वाद्यं पथकाची, हे ठरावाच्या वहीत लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. अंगठा असेल तर अंगठा. बिदागी कशी वाटायची तेही लिहा.

दोन, प्रत्येक पथकात निदान दोघी ढोलकी शिकू द्या. 'बाईचा हात ढोलकीवर बसत नाही' असं कुणी म्हणालं तर त्याला भाकरी थापणारा हात दाखवा.

तीन, गेलेल्यांसाठी दार लावून घेऊ नका. पॅरामोरमधून गेलेला ड्रमवाला भाऊ, झॅक, २०१७ साली परत आला. आपल्यातल्याही कुणी ऊसतोडीला जातात, कुणी बाळंतपणात अडकतात, कुणाला सासर अडवतं. सहा महिने आली नाही म्हणून तिचं नाव वहीतून खोडू नका. आणि ती नाही म्हणून गाणंही थांबवू नका.

त्या पथकातल्या बायका आज इथं बसल्या आहेत. बायांनो, वही तुमच्या हातची आहे, शब्द तुमचे आहेत, गावानं ऐकले तेही तुमचेच गळे. तिघी उरल्या असाल तर तिघींनी सुरू करा. टाळ्यांवर ठेका धरा, ढोलकी मागून येईल.