पोषणशास्त्राचे उच्च शिक्षण आणि आपले कर्तव्य
(वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



शिष्यवृत्ती समितीपुढे यंदा एका विद्यार्थिनीचा अर्ज आला आहे. तिला पोषणशास्त्रात एम्.एस्सी. करावयाचे आहे. "स्वयंपाक शिकण्यास दोन वर्षे आणि एवढा पैसा कशाला?" असा प्रश्न काही वडीलधाऱ्यांनी केला. प्रश्न निर्मळ मनाने विचारलेला आहे. तेव्हा उत्तरही आदरानेच दिले पाहिजे. आम्ही स्वतः मॅट्रिकच्या पुढे गेलो नाही. परंतु मुलांना शिकविण्यात आमचा जन्म गेला, त्या अधिकाराने चार शब्द बोलतो.

स्वयंपाक ही कला आहे; पोषण हे शास्त्र आहे. पालेभाजीवर लिंबू पिळावे हे आपल्या आजीला ठाऊक होते. लिंबातील क जीवनसत्त्वामुळे भाजीतील लोह अधिक शोषले जाते आणि जेवणाबरोबर घेतलेला चहा त्यास अडथळा करतो, हे शास्त्र सांगते. कारण कळले म्हणजे नियम कोठे लागू पडतो आणि कोठे नाही, हेही कळते. आजाऱ्यास भेटावयास जाताना आपण शहाळे आवर्जून नेतो. परंतु ज्याची मूत्रपिंडे निकामी होत आली आहेत, त्याच्या रक्तात शहाळ्यातील पोटॅशियम साठून हृदयास धोका पोहोचू शकतो. अशा रुग्णाचे ताट वाढणे हे जितके मायेचे, तितकेच विद्येचेही काम आहे.

म्हणूनच या अभ्यासक्रमात जीवरसायन, शरीरक्रियाशास्त्र, रुग्णाहार, सार्वजनिक आरोग्य आणि संख्याशास्त्र यांसारखे विषय असतात. बडोद्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठ आणि महर्षी कर्व्यांनी १९१६ साली स्थापिलेले महिला विद्यापीठ येथे हे शिक्षण मिळते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतही ते मिळते. या संस्थेचा उगम १९१८ साली कुन्नूर येथे बेरीबेरी रोगाच्या संशोधनासाठी निघालेल्या एका लहानशा प्रयोगशाळेत झाला. १९५८ साली ती हैदराबादेस आली.

या वाटेने एक मराठी स्त्री फार पूर्वी चालून गेली आहे. कमला भागवत, म्हणजेच पुढे कमला सोहोनी, या विदुषी दुर्गा भागवतांच्या भगिनी. १९३३ साली त्यांनी बंगलोरच्या विज्ञान संस्थेत प्रवेश मागितला, तेव्हा स्त्री म्हणून सर चंद्रशेखर रामन यांनी त्यांस प्रथम नाकारले आणि पुढे एक वर्षाच्या कसोटीवर घेतले. त्या कसोटीस उतरल्या. दूध व कडधान्ये यांतील प्रथिनांवर त्यांनी काम केले आणि १९३६ साली एम्.एस्सी. पदवी मिळविली. त्यानंतर त्या संस्थेची दारे इतर मुलींनाही उघडली. १९३९ साली केंब्रिजची पीएच्.डी. घेऊन त्या परतल्या व कुन्नूरच्याच पोषण प्रयोगशाळेत अधिकारपदावर रुजू झाल्या. पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी नीरेच्या पोषणमूल्यावर संशोधन केले. एका मुलीस मिळालेली संधी किती जणींच्या उपयोगी पडते, हे यावरून दिसते.

या विद्येची देशास गरज किती आहे? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. यात आपल्या लेकीसुना नसतील, असे कोणी छातीठोकपणे म्हणेल काय? दुसरीकडे मधुमेहाने आपली घरे ग्रासली आहेत. रुग्णालये, अंगणवाड्या, शाळांचे भोजन, अन्नपदार्थांचे कारखाने, सर्वत्र या विषयाच्या जाणत्या माणसांस काम आहे. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने वैद्यकाशी संलग्न व्यवसायांत पोषणतज्ज्ञांची गणना केली आहे. तेव्हा चरितार्थाची चिंता करणाऱ्या पालकांनीही निर्धास्त राहावे. मात्र प्रवेशापूर्वी त्या त्या संस्थेच्या पात्रतेचे नियम व प्रवेशपरीक्षा यांची नीट चौकशी करावी.

आमची समितीस विनंती एवढीच की, वैद्यकी व अभियांत्रिकी यांच्या पंक्तीस या विषयाला बसवावे आणि हा अर्ज मान्य करावा. उद्या एखाद्या मुलाने असाच अर्ज केला तर त्यासही हसू नये. आणि पालकांस विनंती की, परगावी जाणाऱ्या लेकीच्या वाटेत "लोक काय म्हणतील" हा धोंडा टाकू नये. अन्नास आपण पूर्णब्रह्म म्हणतो. त्या ब्रह्माचा अभ्यास करू इच्छिणाऱ्या मुलीस रिक्त हस्ते परत पाठविणे आपल्या समाजास शोभणार नाही.