जोड्यांचें गांव झ्लीन

'बाटा' हें नांव आपल्या घरांत इतकें रुळलें आहे कीं, तें परकें आहे याची आठवणही राहत नाहीं. कलकत्त्याजवळचें बाटानगर ज्याच्या धर्तीवर वसलें, तें झ्लीन चेक देशाच्या मोराव्हिया प्रांतांत आहे.

१८९४ सालीं टोमाश बाटा यांनीं भावाबहिणीसह येथें जोड्यांचा धंदा मांडला. १९२२ च्या मंदींत त्यांनीं जोड्यांच्या किंमती निम्म्यावर आणल्या, मजुरीही कापली. मागणी वाढली, कारखाना वाढला, आणि त्याबरोबर गांवही वाढलें. गाहुरा या स्थपतींनीं लाल विटा, कांच आणि काँक्रीट यांनीं कारखाने, शाळा व कामगारांचीं घरें उभारलीं. १९३२ सालीं टोमाश विमान-अपघातांत वारले. पुढें सावत्र बंधु यान यांच्या कारकीर्दींत साडेसत्त्याहत्तर मीटर उंचीची कचेरी झाली. तींत मालकाची खोलीच लिफ्टमध्यें होती! साहेब प्रत्येक मजल्यावर जाऊं शकत; त्यांची नजरही.

१९४५ सालीं कारखाना सरकारजमा झाला, १९४९ सालीं गांवाचें नांवही बदललें : गोट्टवाल्डोव्ह. तें १९९० सालीं पुन्हां झ्लीन झालें. परंतु जोड्यांचा तो अवाढव्य व्यवसाय मात्र परत आला नाहीं. आज त्या उंच इमारतींत प्रांताची सरकारी कचेरी आहे, आणि २००१ सालीं स्थापन झालेलें विद्यापीठ टोमाश बाटांचेंच नांव मिरवितें.

एका धंद्यानें गांवाला घर, शाळा, रस्ता, सारें कांहीं दिलें. पण चालतांना पाय दोन लागतात, हें झ्लीनला उशिरां कळलें. जोडे शिवणाऱ्या गांवाला तें कळावयास उशीर व्हावा, हें नवलच!