जैवतंत्रज्ञान : तिजारतीचे नवे दालन

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



बारावीचा निकाल लागला की आपल्या मोहल्ल्यात एकच प्रश्न ऐकू येतो, "डॉक्टरकीला नंबर लागला का?" नाही म्हटले की घरावर उदासी पसरते. हुशार मुलगा मिळेल त्या दुकानात बसतो आणि मुलीचे शिक्षण तर तेथेच थांबते. आज मी तुम्हांला एक दुसरा दरवाजा दाखविणार आहे.

मधुमेहाच्या रुग्णाला इन्शुलिन लागते, हे आपण जाणता. पूर्वी ते गाय व डुक्कर यांच्या स्वादुपिंडातून काढीत. आपल्यापैकी कित्येकांच्या मनाची त्यामुळे घालमेल होई. पुढे शास्त्रज्ञांनी मानवी इन्शुलिनचे जनुक जिवाणूंत बसविले आणि जिवाणूच ते तयार करू लागले. १९८२ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. २००३ साली हबील खोराकीवाला यांच्या वोक्हार्ट कंपनीने यीस्टच्या साहाय्याने बनविलेले इन्शुलिन भारतात बाजारात आणले. सजीव पेशींकडून अशा उपयोगी वस्तू करवून घेण्याची विद्या म्हणजेच जैवतंत्रज्ञान.

"हे तर शास्त्रज्ञांचे काम, आमचे काय?" असे आपण म्हणाल. वरप्रसाद रेड्डी हे इलेक्ट्रॉनिक्सचे अभियंते. 'हिपॅटायटिस बी' या काविळीची परदेशी लस गरिबांना परवडत नाही, हे पाहून त्यांनी १९९३ साली हैदराबादेत शांता बायोटेक्निक्स काढली. लस बाजारात यायला १९९७ साल उजाडले. म्हणजे चार वर्षे विकायला काही नाही, खर्च मात्र रोजचा! या धंद्यात सबुरी हेही भांडवलच आहे.

किरण मजुमदार यांनी १९७८ साली बंगलोरला भाड्याच्या घराच्या गॅरेजमध्ये १० हजार रुपयांवर बायोकॉन सुरू केली. पपईच्या चिकातून काढलेले पपेन हा आरंभीचा माल. धंदा नवा आणि मालक बाई, म्हणून बँका कर्ज देईनात. तरी त्या डगमगल्या नाहीत. पालकहो, हजरत खदीजा या स्वतः व्यापार करीत असत. मग आपल्या मुलींना तिजारतीपासून आपण दूर का ठेवावे?

विद्यार्थी मित्रांनो, सूक्ष्मजीवशास्त्र, जीवरसायनशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञान घेऊन पदवी मिळवा. परंतु पदवी म्हणजे धंदा नव्हे. प्रथम काही वर्षे कारखान्यात नोकरी करून उत्पादन, दर्जाची तपासणी आणि सरकारी परवाने यांची माहिती करून घ्या. येथे नोंदवहीतील खाडाखोडही महागात पडते. कॉमर्सच्या मुलांनीही निराश होऊ नये. खरेदी, हिशेब, निर्यात ही कामे त्यांचीच. बहुतेक लसी २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवाव्या लागतात. त्या खेड्यातल्या दवाखान्यापर्यंत थंड पोहोचविणे हादेखील व्यवसायच आहे.

अनुभव आल्यावर स्वतःचे काही काढा. पण सुरुवात लसीने नको. जिवाणू खते, ऊतिसंवर्धित केळीची रोपे अशा आटोपशीर मालाने करा. नवी कल्पना असेल तर केंद्र सरकारने २०१२ साली स्थापन केलेली बायरॅक ही संस्था निवडक अर्जदारांना ५० लाख रुपयांपर्यंत अनुदान देते. हे कर्ज नव्हे, त्यामुळे व्याजाचा प्रश्नच उद्भवत नाही. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आधाराने चालणारे व्हेंचर सेंटर नवोदितांना जागा व उपकरणे उपलब्ध करून देते.

पालकहो, यंदा निकाल लागेल तेव्हा मुलाला "नंबर लागला का?" एवढेच विचारू नका. "तुला काय करावेसे वाटते?" हेही विचारा. आणि उत्तर ऐकून घेण्याइतकी सबुरी अल्लाह आपणां सर्वांना देवो, एवढी दुआ करून मी आपली रजा घेतो. खुदा हाफिज.