पसंतीचे सहा रकाने



मुलाच्या शाळेसाठी भरावयाचा अर्ज हा काही व्याख्यानाचा विषय नव्हे, असे आपणांपैकी काहींना वाटेल. परंतु लंडनमध्ये दहा-अकरा वर्षांचे मूल असलेल्या कोणत्याही घरात सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये डोकावून पाहा. नवराबायकोत अबोला धरावयास लावणारा असा दुसरा कागद नाही! आपली पुष्कळ मंडळी आज तिकडे आहेत, म्हणून तिकडचीच हकीकत सांगतो.

इंग्लंडात अकराव्या वर्षी मूल माध्यमिक शाळेत जाते. अर्ज आपल्या स्थानिक प्राधिकरणाकडे ३१ ऑक्टोबरपर्यंत करावयाचा; निकाल १ मार्चच्या सुमारास. निदान तीन शाळा क्रमाने लिहिता येतात, लंडनमध्ये सहा. सारा घोळ या क्रमाचा आहे.

पूर्वी पुष्कळ शाळा म्हणत, ज्यांनी आम्हांला पहिले लिहिले त्यांना आधी घेऊ. याचा परिणाम पाहा. एका मुलीच्या बापाने दूरची नामांकित शाळा पहिली लिहिली आणि घराजवळची चांगली शाळा दुसरी. नामांकित शाळेने नाकारले. मग तो दुसरीकडे वळतो, तो तेथे तिच्याहून दूर राहणारी मुले केवळ पहिली पसंती लिहिल्यामुळे बसलेली! म्हणजे मनातले खरे लिहिणारा फसला आणि हिशेबी माणूस तरला. अर्ज कसला, तो जुगारच. २००७ च्या प्रवेश-संहितेने ही रीत बंद केली.

आता काय होते? प्रत्येक शाळा आपल्या जाहीर निकषांवर अर्जदारांची यादी लावते. सरकारी देखरेखीखालील निराधार मुले आधी. पुढे बहुधा भावंडे, मग घरापासूनचे अंतर. काही शाळांत धर्म, काहींत परीक्षा. तुम्ही तिला पहिली लिहिली की सहावी, याला त्या यादीत काडीचे महत्त्व नाही. दोन-तीन शाळांत नाव बसले, तर त्यांतली तुमच्या क्रमात सर्वांत वरची शाळा मिळते. बाकीच्या जागा इतरांसाठी सुटतात.

यामागचे गणित डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली यांनी १९६२ साली एका छोट्याशा निबंधात मांडले होते. त्यात उदाहरण विवाहाचे घेतले होते, हे आपल्या पत्रिका जुळविणाऱ्या मंडळींनी ध्यानात घ्यावे! २०१२ साली शॅप्ली आणि ॲल्विन रॉथ यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. गेल २००८ मध्येच निवर्तले होते. अमेरिकेत बॉस्टन शहरानेही २००५ साली आपली जुनी, पहिल्या पसंतीला झुकते माप देणारी पद्धत टाकून दिली.

तरीही जुनी भीती जात नाही. ‘एकच शाळा लिहा, म्हणजे तिला द्यावीच लागेल,’ असा सल्ला आजही ऐकू येतो. हा सल्ला घातक आहे. ती शाळा भरली, तर वेळेवर अर्ज केलेल्यांच्या वाटपानंतर जेथे जागा उरेल तेथे मूल जाईल. आणि जागा कोठे उरतात, हे निराळे सांगावयास नको. क्रम मनातला खरा लिहावा, परंतु गेल्या वर्षी किती अंतरापर्यंतची मुले घेतली गेली ते आकडे पाहून, मिळण्याजोगी एक शाळा सहांत कोठेतरी असावी. रकाने अमर्याद असते तर एवढाही हिशेब लागला नसता.

मात्र या पद्धतीने न्याय झाला, असे मी म्हणणार नाही. अंतर हा निकष असला की चांगल्या शाळेभोवतीची घरे महागतात. ज्याची ऐपत आहे तो घर बदलतो. ज्याची नाही तो सहा रकाने प्रामाणिकपणे भरतो आणि अंतरात हरतो. गणित वाटप नीट करील, पण ज्या शाळेत कोणी मूल धाडू इच्छीत नाही तिला ते सुधारणार नाही.

आपल्याकडे अकरावीच्या केंद्रीय प्रवेशात हाच प्रश्न वेगळ्या वेषात येतो. २०२५ साली ही पद्धत राज्यभर लागू झाली आणि दहापर्यंत महाविद्यालये लिहिता येऊ लागली. कोट्याच्या जागा सोडल्या, तर तेथे गुण बोलतात. पण एक पाचर आहे. त्या वर्षीच्या नियमांत पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले की ते घ्यावेच लागे. नाकारल्यास पुढील नियमित फेऱ्या बंद. तेव्हा शेजाऱ्याने लिहिले म्हणून पहिल्या ओळीत एखादे नाव टाकणाऱ्या पालकाने आधी मुलाला विचारावे, तेथे रोज कोणत्या गाडीने जाणार?