अळवावरचं पाणी आणि मुशीची कातडी



मी बोलणार म्हटल्यावर मागून आवाज आला, "आता सगळ्यांचे लॅपटॉप दुरुस्त होणार!" नाही होणार. मला एका नळीबद्दल बोलायचंय.

तीन वर्षांपूर्वी आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. उत्तम झालं. लघवीची नळी मात्र तशीच राहिली आणि सहाव्या दिवशी तिला थंडी वाजून ताप भरला. नळीवाटे जंतुसंसर्ग. मोरीच्या कोपऱ्यात बुळबुळीत थर धरतो ना, तसाच नळीवर धरतो. जंतू आधी चिकटतात, मग स्वतःभोवती चिकट आवरण करतात, आणि त्याच्या आत औषध नीट पोचत नाही. रात्री तिच्या उशाशी बसून मी मोबाइलवर शोधायला लागले: मुळात चिकटूच दिलं नाही तर?

आधी आठवलं ते बाईंनी वर्गात आणलेलं अळवाचं पान. त्याच्यावरच्या बारीक उंचवट्यांत हवा अडकते आणि थेंब त्या हवेवर बसतो, म्हणून घरंगळतो. झालं, नळीला अळू करा! पण पान बराच वेळ पाण्यात बुडवून ठेवलं की ती हवा निघून जाते. नळी तर कायम ओली.

मग कायम पाण्यात राहून स्वच्छ कोण राहतं? फ्लोरिडा विद्यापीठातले प्राध्यापक अँथनी ब्रेनन यांना हाच प्रश्न २००२ साली पर्ल हार्बर बंदरात पडला. अमेरिकन नौदलाला जहाजांच्या तळावर शेवाळ नको होतं, आणि विषारी रंगही नको होता. शेवाळानं माखलेली पाणबुडी येताना बघून त्यांना देवमासा आठवला. पण देवमाशाच्या अंगावरही बरंच काही वाढतं. शार्कच्या नाही वाढत.

शार्क म्हणजे आपली मुशी, तिचे थोरले भाऊबंद. मुशीवरून शेपटीकडून डोक्याकडे हात फिरवलाय ना? पॉलिश पेपर! त्या खवल्यांवरच्या रेघांची नक्कल ब्रेनन यांनी सिलिकॉनवर केली. चौकटच्या पत्त्यावरच्या आकारात मांडलेल्या, सुमारे ३ मायक्रॉन उंच आणि २ मायक्रॉन रुंद पट्ट्या. केस याच्या कितीतरी पट जाड असतो. शेवाळाचे बीजाणू बसण्याचं प्रमाण सुमारे ८५ टक्क्यांनी घटलं. पुढे स्टॅफिलोकॉकस जंतूंवर प्रयोग झाला. गुळगुळीत सिलिकॉनवर सातव्या दिवशी थर धरायला लागला आणि चौदाव्या दिवशी पक्का झाला. नक्षीवर एकविसाव्या दिवसापर्यंत त्याची सुरुवातही दिसली नाही. यात औषध नाही, विष नाही. जंतू मारायचेच नाहीत, त्यांना बसायला जागा द्यायची नाही. औषधाला सरावतात तसे ते याला सहजी सरावणार नाहीत. प्रोग्रॅमर म्हणून मला याचं फार कौतुक वाटलं.

पण प्रयोगशाळेतली बशी म्हणजे माणसाचं शरीर नव्हे. लघवीतले क्षार आणि प्रथिनं कुठल्याही नक्षीवर साचू शकतात. आणि सगळ्यात खात्रीचा उपाय मला अगदी शेवटी वाचायला मिळाला: गरज संपली की नळी लगेच काढा. आईची नळी अजून का आहे, हे पाच दिवसांत कुणी विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही, आणि मी तर शेजारीच बसले होते.

गेल्या महिन्यात बाबांचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी विचारलं, "सिस्टर, ही नळी अजून लागणार आहे का?" त्यांनी फाइल पाहिली, डॉक्टरांना फोन केला. दुपारच्या जेवणाआधी नळी निघाली होती.