वेताळाच्या एकवीस पिढ्या आणि आपले कपाट
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



या व्याख्यानमालेत संतवाङ्मयावर आणि नाट्यसंगीतावर व्याख्याने झाल्यानंतर आम्ही ‘वेताळाच्या चित्रकथा कोणत्या क्रमाने वाचाव्यात’ या विषयावर उभे राहणार, हे पत्रिकेत वाचून काही ज्येष्ठांना हसू आले असेल. त्यांनी अवश्य हसावे. हा विषय आम्ही हौसेने निवडलेला नाही. आमच्याच हातून झालेल्या एका चुकीने तो आमच्या गळ्यात पडला आहे.

मंडळाच्या ग्रंथालयात, खिडकीकडच्या कपाटात, इंद्रजाल कॉमिक्सचे बरेच अंक आहेत. बदलीच्या वेळी सामान हलके करताना सभासदांनी दिलेले हे अंक. बरेचसे मराठी, काही इंग्रजी. ग्रंथालयाचे काम आमच्याकडे आले तेव्हा सुटे अंक फाटतात म्हणून आम्ही ते सरसकट बांधणीला दिले. बांधणाऱ्याने काम सुबक केले. मुखपृष्ठे काढली, कडा कापल्या आणि हाताला लागतील तसे बारा-बारा अंकांचे खंड शिवले. मुखपृष्ठांबरोबर त्यांवरचे क्रमांकही गेले. कपाटात खंड शोभून दिसू लागले आणि आम्ही कृतकृत्य झालो.

पुढे एक दिवस आपल्या एका सभासदांची दहा वर्षांची नात खंड परत करायला आली आणि म्हणाली, “काका, यात वेताळाचं डायनाशी लग्न झालं, जुळी मुलंही झाली, आणि पुढच्याच गोष्टीत डायनाची आई तिला दुसऱ्याशीच लग्न कर म्हणते. असं कसं?” आम्ही काहीतरी सांगून वेळ मारून नेली. त्यानंतर ती दुसरा खंड न्यायला आली नाही.

ज्यांची मुले मराठी शाळेत जातात त्यांना यात विशेष वाटणार नाही. पण इथे आपल्या मुलांना देवनागरी येते ती हिंदीच्या पुस्तकातून, आणि मराठी पुस्तक आपण होऊन मागणारी मुले आम्ही बोटांवर मोजून दाखवू. त्यांतले एक बोट आमच्या बांधणीमुळे मिटले, ही गोष्ट मनाला लागून राहिली.

तेव्हा आम्ही या कथांच्या मुळाशी जाण्याचे ठरवले. वेताळाचा जनक ली फॉक हा अमेरिकन लेखक. त्याने आधी जादूगार मँड्रेक निर्माण केला होता; वेताळाची दैनिक चित्रपट्टी १७ फेब्रुवारी १९३६ रोजी सुरू झाली. सुपरमॅन आला तो १९३८ साली, म्हणजे अंगाला घट्ट बसणारा पोशाख आणि मुखवटा घालून अन्यायाशी झुंजणाऱ्या या मंडळींत आपला वेताळ दोन वर्षांनी वडील. मूळ कथा अशी की, १५३६ साली समुद्री चाच्यांनी एक जहाज लुटले, कप्तान मारला गेला आणि त्याचा मुलगा तेवढा जिवंत किनाऱ्याला लागला. बांदर नावाच्या बुटक्या वनवासी जमातीने त्याला वाचवले. बापाच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून त्याने शपथ घेतली की, आपण व आपले वंशज चाचेगिरी, क्रौर्य आणि अन्याय यांविरुद्ध लढत राहू. तेव्हापासून बापाच्या मागे मुलगा तोच पोशाख चढवतो, आणि रानातल्या लोकांना वाटते की हा एकच पुरुष चारशे वर्षे जिवंत आहे. आपण ज्याच्या कथा वाचतो तो एकविसावा.

इथे थोडे विषयांतर करतो. इंग्रजीत या वीराचे नाव नुसते भूत सुचवणारे आहे. मराठीत त्याला ‘वेताळ’ म्हणण्याचे ज्या कुणा अनुवादकाने ठरवले त्याला आम्ही मनोमन नमस्कार करतो. कोकण-गोव्यात वेताळ गावाची राखण करतो, आणि तो अमर आहे की कसे, असे कुणी विचारीत नाही. एका शब्दात साऱ्या कथेचे मर्म आले.

आता क्रमाचा प्रश्न. इंद्रजालचा पहिला अंक मार्च १९६४ मध्ये निघाला. आरंभी मासिक असलेले हे प्रकाशन पुढे पाक्षिक आणि मग साप्ताहिक झाले व १९९० साली बंद पडले. आठशेहून थोडे अधिक अंक निघाले आणि त्यांतले निम्म्याहून अधिक वेताळाचे. उरलेल्यांत मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन, आणि १९७६ पासून आबिद सुरती यांचा आपला देशी बहादूर. साहजिकच कुणीही म्हणेल, अंकांचे क्रमांक लावा आणि वाचा. आमचीही पहिली समजूत तीच होती. ती चूक आहे. संपादकांनी अमेरिकेतल्या जुन्या-नव्या कथा त्यांच्या सोयीने उचलल्या. पानांच्या मापासाठी चित्रे कापली. लांबलेल्या कथेचे दोन-दोन भाग केले. नावेही बदलली. मुळातला बंगाला देश बंगालशी घोटाळा नको म्हणून डेंकाली झाला आणि चाच्यांचे ‘सिंग’ हे नाव ‘सिंगा’ झाले. क्रमांक खरा, पण तो छपाईचा क्रम आहे, कथेचा नव्हे.

शिवाय मूळ प्रवाहच दोन आहेत. रोजची पट्टी १९३६ पासूनची आणि रविवारची रंगीत पाने २८ मे १९३९ पासूनची. दोहोंत स्वतंत्र कथा चालत. आमची उभी हयात सरकारी नस्त्यांत गेली, त्यामुळे हे आम्हाला चटकन समजले. नस्तीत टिपणीची बाजू वेगळी, पत्रव्यवहाराची वेगळी. दोन्हींचे पृष्ठांक वेगवेगळे. ते एकत्र ओवले तर मंत्रालयच बुडेल. वेताळाच्या कथांचेही तसेच. रोजची कथा रोजच्या मागे लावावी, रविवारची रविवारच्या.

आमचे एक मित्र मात्र याहून पुढे गेले. ते म्हणाले, ज्या वेताळाचा काळ आधी त्याची कथा आधी. १५३६ पासून वंशावळ मांडा आणि पिढीमागून पिढी वाचा. ऐकायला हे सरळ वाटते. कवटीच्या गुहेत प्रत्येक वेताळाने स्वहस्ते लिहिलेल्या बखरी पिढीवार मांडून ठेवलेल्याच आहेत. स्वीडनमध्ये तर ‘फँटोमेन’ या नियतकालिकाने पूर्वजांच्या नव्या कथा रचून रचून ही वंशावळ भरत आणली. तरीही आमचा या क्रमाला विरोध आहे. कारण पूर्वजाची कथा फॉकने बहुधा एकविसाव्याच्या एखाद्या अडचणीतून काढलेली असते. गुहेत बसलेला तो बखर उघडतो, तेव्हा तेराव्या पिढीतली गोष्ट आपल्याला कळते. बखर का उघडली हे गाळून नुसती बखर वाचणे म्हणजे प्रश्न न वाचता उत्तर वाचणे. वेताळपंचविशीतल्या पंचवीस कथा मागेपुढे केल्या तरी फारसे बिघडत नाही, कारण विक्रम राजा पहिल्या रात्री जसा असतो तसाच शेवटच्या खेपेपर्यंत असतो. इथे माणूस बदलतो. चाळीस वर्षे ताटकळलेले लग्न १९७७ साली लागते, १९७९ साली किट आणि हेलोईज जन्मतात. त्यानंतर घराबाहेर पडणारा वेताळ पूर्वीचा राहत नाही.

म्हणून आमचे मत असे की, फॉकने ज्या क्रमाने लिहिले त्याच क्रमाने वाचावे. त्याच्या अडखळण्यासह वाचावे. पहिल्याच कथेत जिमी वेल्स नावाचा एक श्रीमंत, रिकामटेकडा तरुण येतो. तोच गुप्तपणे वेताळ आहे असे दाखवण्याचा फॉकचा बेत होता. मध्येच त्याने तो सोडला, कथा रानात नेली आणि जिमी वेल्स तसाच लोंबकळत राहिला. वंशावळीत या गृहस्थाला जागाच नाही. पण लेखक चाचपडत होता आणि चाचपडता चाचपडता त्याला चारशे वर्षे सापडली, हे पाहण्याचा आनंद याच क्रमात आहे.

राहिला प्रश्न क्रमांक हरवलेल्या अंकांचा. पृष्ठांक फाटलेली नस्ती हस्ताक्षरावरून लावतात. आम्ही अंक चित्रकारांच्या हातावरून लावले. आरंभीचा रे मूर काळोखाचा चित्रकार. त्याच्या शाईत अर्धे चित्र बुडालेले असते. विल्सन मॅकॉयची रेघ साधी, जवळजवळ पाटीवर काढल्यासारखी. तो १९६१ साली वारला आणि मग साय बॅरी आला. १९९४ पर्यंत त्याने वेताळ काढला, आणि तुमच्या-आमच्या मनातला रुंद खांद्यांचा वेताळ तोच. आपल्या कपाटात बॅरी पुष्कळ आहे, मॅकॉय थोडा. मूरसाठी हर्मिस प्रेसने छापलेला १९३६-३७ च्या पट्ट्यांचा इंग्रजी खंड एका सभासदांच्या मुलाने भेट दिला आहे. हातावरून कालखंड ठरला की मग लग्नापूर्वीचे आणि नंतरचे, मुलांपूर्वीचे आणि नंतरचे, असे गठ्ठे पडतात. शेवटी संग्राहकांनी केलेल्या सूच्यांशी ताडून पाहिले. तीन पावसाळे या कामात गेले. बांधलेले खंड आम्ही स्वतः पातीने उसवले, हे कार्यकारिणीला आज प्रथमच कळत असेल.

या शोधात एका जुन्या अन्यायाचेही निवारण झाले. आपल्या दाखल-वहीत इंग्रजी अंक १२३ आणि १२४ यांच्यापुढे लाल शाईने ‘गहाळ’ असा शेरा आहे. ज्या सभासदांनी तो गठ्ठा दिला त्यांनी दोन अंक स्वतःकडे ठेवून घेतले, अशी थट्टा इथे वर्षानुवर्षे चालली, आणि थट्टेत सामील होणाऱ्यांत आम्हीही होतो. वस्तुतः ते अंक कुणाकडेच नाहीत. छापखान्यातल्या संपामुळे ते निघालेच नव्हते. ते सभासद आता हयात नाहीत. त्यांच्या पत्नी आज समोर बसल्या आहेत. वहीतला शेरा आम्ही खोडून ‘अप्रकाशित’ असे लिहिले आहे, हे त्यांना या व्यासपीठावरून सांगतो.

अंक आता पुठ्ठ्याच्या पेट्यांत सुटेच ठेवले आहेत. प्रत्येकाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने क्रम घातला आहे. शाईने नाही, कारण आमचे चुकले असणे शक्य आहे. ती मुलगी गेल्या महिन्यात पुन्हा येऊ लागली. मूरचा इंग्रजी खंड ती समोर धरते आणि आम्हाला मराठीत सांगायला लावते. आमचा शब्द अडला की स्वतः सुचवते. जिमी वेल्सचे पुढे काय झाले, हे तिने दोनदा विचारले आहे.

लग्नाच्या कथेचा मराठी उत्तरार्ध मात्र आपल्या संग्रहात नाही. कुणाच्या माळ्यावर, जुन्या ट्रंकेत तो असेल तर कृपा करून आणून द्यावा. मुखपृष्ठ नसले तरी चालेल.